बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या प्रबोधन सभेतील भाषण. स्मरणिकेसाठी नीट करून लिहून दिले आहे.)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की या वेळी मनाच्या एका आजारावर बोलायचे आहे. त्यावर कुणीतरी म्हणाले, "वर्धापनदिनाला वेड्याचा विषय कशाला?" आम्ही म्हणालो, आपण साखरेवर शिबिर घेतले, रक्तदाबावर घेतले, डोळ्यांचे घेतले. मग डोकं काय शरीराच्या बाहेर असतं का? आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण आठवीपर्यंत शाळेत आणि पुढचे वाचनालयात झाले. पण सूतगिरणीत इतकी वर्षे काढताना आणि वस्तीत काम करताना या आजाराची माणसे जवळून पाहिली, त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत बसलो, डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. तेवढ्याच्या जोरावर बोलतो आहोत.

या आजाराला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. मराठीत द्विध्रुवी आजार. ध्रुव दोन असतात, तशी या आजाराला दोन टोके आहेत. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला औदासीन्य. मधल्या काळात माणूस तुमच्या-आमच्यासारखा असतो. कामावर जातो, पोरांचा अभ्यास घेतो, विहारात येऊन सतरंजी अंथरतो. म्हणूनच लोकांना हा आजार आहे असे वाटत नाही. "परवापर्यंत चांगला होता की, नाटकं करतोय," असं म्हणतात.

आधी उन्मादाची लक्षणे सांगतो. पहिली खूण म्हणजे झोप. माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही. बोलणे सुरू झाले की थांबत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या. डोक्यात मोठमोठ्या योजना. हातात नसलेला पैसा खर्च करतो, पतसंस्थेचे कर्ज काढतो, भिशीचे पैसे वाटून टाकतो. कुणी अडवले की चिडतो, अंगावर जातो. आपल्यात काही विशेष शक्ती आली आहे असे त्याला वाटू लागते. कधी कानात आवाज येतात. हे आठवडाभर किंवा जास्त चालले, किंवा त्याआधीच दवाखान्यात नेण्याची पाळी आली, तर त्याला पूर्ण उन्माद म्हणतात. काहींना याचेच सौम्य रूप येते. तेव्हा घरची मंडळी खूश असतात, की पोरगं किती कामाला लागलंय बघा!

आता दुसरे टोक. माणूस अंथरुणातून उठत नाही. अंघोळ नको, जेवण नको, कुणाशी बोलणे नको. ज्यात जीव रमायचा ते सगळे बेचव होते. आपण सगळ्यांवर ओझे आहोत, आपण पापी आहोत असे विचार येतात, आणि त्यातून मरणाचे विचार येतात. हे दोन आठवड्यांहून जास्त राहिले तर तो आळस नव्हे, आजार आहे. कामगाराच्या घरात याला सरळ "कामचुकार" हा शब्द लावतात. मुकादमही तोच लावतो, बायकोही तोच लावते.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा. बहुतेक लोक डॉक्टरकडे जातात ते औदासीन्यात. उन्मादात कोण जाईल? तेव्हा तर स्वतःला राजा वाटत असतो. मग डॉक्टरला अर्धीच गोष्ट कळते. तो उदासीची गोळी देतो, आणि या आजारात नुसती उदासीची गोळी दिली तर काही जणांना तीच उन्मादाकडे ढकलते. म्हणून सोबत जाणाऱ्याने सांगायला पाहिजे की साहेब, दोन वर्षांपूर्वी हा पंधरा दिवस झोपला नव्हता, कर्ज काढले होते. ही माहिती देणे म्हणजे चुगली नव्हे. अर्धे निदान त्यातच आहे.

हा आजार किती जणांना असतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना तो होता. भारतात २०१७ मध्ये सुमारे ७६ लाख लोकांना. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की या आजाराच्या शंभर माणसांपैकी सुमारे सत्तर जणांना उपचारच मिळत नव्हते. आणि हा बहुतेकांना ऐन तारुण्यात, शिकण्याच्या आणि कमावण्याच्या वयात गाठतो.

हा होतो कशाने? करणी नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आईबापाचे संस्कारही नव्हेत. मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे आणि तो काही प्रमाणात घराण्यातून येतो. पण घाबरू नका. आई किंवा वडिलांना असेल तर शंभर मुलांत साधारण पाच ते दहांना होतो. म्हणजे नव्वद मुलांना होत नाही. मूळ कल असला की त्यावर झोपमोड, मोठा आघात, बाळंतपण, दारू, गांजा यांची ठिणगी पडते.

आमच्या खात्यातल्या एका जोडीदाराचे सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. रिंग फ्रेमवर कामाला होता, हात चांगला. एकदा ओळीने रातपाळ्या केल्या आणि त्याची झोप तुटली. दिवसासुद्धा झोपेना. पाळी संपली तरी खात्यातून हलेना, गाणी म्हणायचा, पोरं हसायची. आठ दिवसांत त्याने कर्ज काढून दोन हातगाड्या आणि एक साउंड सिस्टिम घेतली. घरच्यांनी भगताकडे नेले. तिथे धुरी दिली, मार दिला. आपण १९५६ साली देव-देवस्की सोडली, पण अडचण आली की मागच्या दाराने भगताकडे जाणारी घरे अजून आहेत, हे आपल्या आपल्यात कबूल करायला हरकत नाही. तीन महिन्यांनी तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडला, महिनाभर उठला नाही. मग सरकारी दवाखान्यात नेला. लिथियम सुरू झाले. दोन महिन्यांत मशीनवर परत आला. वर्षभराने त्याला वाटले, आता आपल्याला काय झालंय? गोळी सोडली. चार महिन्यांत पुन्हा सगळे तेच, फक्त कर्ज दुप्पट. आता मात्र कित्येक वर्षे गोळी चालू आहे, मुलीचे लग्न त्याने स्वतः उभे राहून केले.

आता या लिथियमची हकीकत ऐका, कारण आजचा आमचा सगळा मुद्दा त्यात आहे.

लिथियम म्हणजे कारखान्यात शिजवलेले कुठले गूढ रसायन नव्हे. सोडियम-पोटॅशियमच्या जातीचे साधे मूलद्रव्य आहे, १८१७ साली स्वीडनमध्ये एका दगडातून शोधले गेले. औषध म्हणून ते पुढे आणले ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांनी. दुसऱ्या महायुद्धात हे डॉक्टर सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांच्या कैदेत तीन वर्षांहून जास्त होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथील रुग्णालयात, एका जुन्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोग केले. गिनीपिगला लिथियम दिले तर ते शांत पडतात असे दिसले. मग आधी स्वतः घेऊन पाहिले, आणि मग रुग्णांना दिले.

पहिला रुग्ण ५१ वर्षांचा माणूस. पाच वर्षे उन्मादात होता, सगळ्यांनी त्याची आशा सोडली होती. २९ मार्च १९४८ रोजी त्याला लिथियम सुरू झाले. तीन आठवड्यांत तो बऱ्या होत आलेल्या रुग्णांच्या वॉर्डात गेला. जुलैमध्ये घरी गेला आणि आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. पाच वर्षे कोंडलेला माणूस कामावर! पण पुढे काय झाले? बरे वाटले, त्याने गोळी सोडली. जानेवारी १९४९ मध्ये पुन्हा दवाखान्यात. लिथियम परत सुरू केले, पुन्हा बरा झाला. आणि १९५० साली तो वारला, तो याच औषधाच्या विषबाधेने. कारण रक्तात ते किती साठले आहे हे तेव्हा कुणी मोजत नव्हते.

बंधू-भगिनींनो, त्या एका माणसाच्या दोन वर्षांत या औषधाचे दोन्ही धडे आहेत. पहिला, बरे वाटले म्हणून गोळी सोडायची नाही. दुसरा, रक्त मोजल्याशिवाय ती चालवायची नाही.

पहिल्या धड्याला पुरावा आहे. डेन्मार्कचे डॉ. मोगेन्स शू यांच्या सख्ख्या भावाला वारंवार औदासीन्य यायचे. त्यांनी १९५४ पासून लिथियमचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १९७० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिथियमवर बऱ्या असलेल्या ८४ रुग्णांपैकी ४५ जणांचे औषध चालू ठेवले, ३९ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. पाच महिन्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २१ जण पुन्हा आजारी पडले. लिथियम घेणाऱ्यांपैकी एकही नाही. म्हणजे तुम्हाला बरे वाटते ते गोळी चालू असते म्हणून. साखरेची गोळी आपण साखर ताब्यात आली म्हणून सोडतो का? तसेच हे. आणि एकदम सोडली तर आजार फार लवकर उलटतो. कमी करायची असली तरी डॉक्टरच्या देखरेखीत, हळूहळू.

दुसरा धडा रक्ताचा. १९५१ पासून मेलबर्नच्याच संशोधकांनी रक्तातले लिथियम मोजून उपचार करायला सुरुवात केली आणि औषध सुरक्षित होत गेले. आज रिपोर्टवर जो आकडा येतो तो नेहमीच्या उपचारात साधारण ०.६ ते ०.८ असावा लागतो, कुणाला १.० पर्यंत. दीडच्या वर गेला तर विषबाधा समजावी, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्या खालीही होऊ शकते. शेवटची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी रक्त द्यायचे, म्हणजे सकाळची गोळी रक्त देऊन मगच घ्यायची. सुरुवातीला तपासणी लवकर लवकर, मग दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि सोबत मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमही. कमी पडली तर आजार, जास्त झाली तर विष. मध्यम मार्ग विहारात ऐकतो, तो इथे प्रयोगशाळेत मोजावा लागतो.

आपल्या कामगारांसाठी यात एक खास गोष्ट आहे. गिरणीच्या खात्यातला उकाडा आणि दमटपणा तुम्हाला माहीत आहे. घाम गेला, पाणी कमी पडले की रक्तातले लिथियम चढते. जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला, उपास केला, मीठ एकदम तोडले, तरी चढते. अंगदुखीला आपण दुकानातून परस्पर गोळी आणतो. त्यातल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या लिथियम वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही वाढवतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सांगायचे, आम्हाला लिथियम चालू आहे. हाताला बारीक कंप, जास्त तहान, जास्त लघवी हे बऱ्याच जणांना होते, ते डॉक्टरच्या कानावर घाला. पण हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे, भ्रमिष्टासारखे बोलणे असे काही दिसले तर पुढची गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा. पाळी बदलण्याची वाट बघायची नाही. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

लिथियमशिवाय आणखी औषधे आहेत. थोडक्यात सांगतो. सोडियम व्हॅल्प्रोएट हे मुळात फिटचे औषध, उन्मादावर चांगले चालते. याने वजन वाढू शकते, यकृताकडे लक्ष ठेवावे लागते. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन हीसुद्धा फिटची औषधे. लॅमोट्रिजिन औदासीन्य परत येऊ नये म्हणून देतात आणि फार हळूहळू वाढवतात. या दोन्हींत अंगावर पुरळ उठले, तोंड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, ते जिवावर बेतू शकते. ओलान्झेपिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल या गोळ्या उन्माद लवकर आवरतात. त्यातल्या काहींनी भूक आणि वजन फार वाढते, साखर वाढते, म्हणून वजन आणि साखर बघत राहायची. कुठली गोळी कुणाला, हे डॉक्टर ठरवतील. शेजारणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असे नाही. "या गोळ्यांची सवय लागते," असे लोक म्हणतात. दारूसारखी सवय यांची लागत नाही.

भगिनींसाठी हे वेगळे सांगतो, कारण दवाखान्याच्या गर्दीत हे सांगायचे राहून जाते. पोटात बाळ असताना व्हॅल्प्रोएट चालू असेल तर शंभरात सुमारे १० बाळांना जन्मतः व्यंग येते, आणि ३० ते ४० मुलांच्या बुद्धीच्या, बोलण्या-चालण्याच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी दिली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, दुसरी देता येईल का? कार्बामाझेपिन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळीचा भरवसा राहत नाही. दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे, पण घाबरून परस्पर कुठलीच गोळी बंद करू नये. आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सर्वांत धोक्याचे. बाळंतिणीला झोप मिळेल हे सासूने, नवऱ्याने बघायचे. रात्री बाळ उचलायला बापाचेही हात चालतात.

झोपेचे महत्त्व औषधाएवढेच आहे. ज्याला हा आजार आहे त्याने शक्यतो रातपाळी आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी टाळावी. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन युनियनच्या माणसाला सोबत घ्या आणि दिवसपाळी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, म्हणून ही मागणी भीक नव्हे. आणि आपण जयंतीच्या मिरवणुकीत अशा मुलाला चार-चार रात्री जागवतो, ते बंद करा. त्याला दिवसाचे काम द्या, तेही समाजाचेच काम आहे.

आता एक कडू गोष्ट. "लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल," हा सल्ला वस्तीत सर्रास देतात. लग्न हे औषध नाही. आजार लपवून लग्न केले की पहिली गोळी लपवावी लागते, मग सोडावी लागते, आणि वर्षाच्या आत आजार उलटतो. मग दोष त्या परक्या मुलीच्या पायगुणावर. हा त्या मुलीवर अन्याय आहे आणि आपल्या मुलावरही. आजार असलेल्या माणसाने लग्न करू नये असे आम्ही म्हणत नाही. औषध चालू ठेवून, सांगून-सवरून करावे. असे संसार आम्ही चांगले चाललेले पाहिले आहेत.

कायद्याचे थोडे सांगतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. माणसे साखळदंडाने बांधलेली होती, पळता आले नाही. २८ जण गेले. आज २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, तो २०१८ पासून लागू झाला. त्यात माणसाला साखळीने बांधायला बंदी आहे. भूल दिल्याशिवाय विजेचा उपचार करायला बंदी आहे. विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजाराचाही विमा दिला पाहिजे. बरे असताना रुग्ण लिहून ठेवू शकतो, की पुढे आजार उलटला तर मला कसे उपचार हवेत आणि माझ्या वतीने कुणी निर्णय घ्यावा. आपल्या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. हे भगताच्या दारात जाऊन सांगायची हिंमत आपल्या तरुणांनी करावी.

आता जिवाचा प्रश्न. या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो, आणि नीट घेतलेले लिथियम तो धोका कमी करते, हे अभ्यासातून पुढे आले आहे. माणूस म्हणू लागला की "माझं काही खरं नाही, माझ्यामागं पोरांचं बघा," तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, मरायचे विचार येतात का? विचारल्याने विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. गोळ्यांचा साठा, कीटकनाशक हाताशी ठेवू नका. दवाखान्यात न्या. कोणत्याही वेळी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पोलीस केसची भीती बाळगू नका. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला आरोपी न धरता तो तीव्र ताणाखाली होता असे मानायला सांगितले आहे.

माणसे गोळी का सोडतात, याचा आम्ही विचार केला. बरे वाटते हे एक कारण. लाज हे दुसरे. तिसरे कारण कुणी सांगत नाही. दवाखान्याचा दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे रोज बुडाला, आणि सोबत जाणाऱ्याचाही बुडाला. लिथियम महाग नाही, ते देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. पण तिथे जायला माणूस लागतो.

म्हणून समितीपुढे आमची सूचना आहे. वस्तीतल्या दोन तरुणांनी आणि महिला मंडळाच्या दोघींनी ही जबाबदारी घ्यावी. ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी गुपचूप येऊन सांगावे, नाव बाहेर जाणार नाही. तपासणीच्या दिवशी यातला एक जण सोबत जाईल. घरच्यांनी एक साधी वही घालावी. रोज किती तास झोप झाली, गोळी घेतली का, महिन्याला वजन किती, रक्ताचा आकडा किती. ती वही डॉक्टरपुढे ठेवायची. झोप सलग दोन रात्री चार तासांच्या खाली आली की तिसऱ्या रात्रीची वाट न बघता दवाखान्यात जायचे. एवढ्याने कितीतरी कर्जे, कितीतरी भांडणे आणि एखाद-दुसरा जीव वाचेल.

आणि "वेडा" हा शब्द आजपासून विहाराच्या आवारात नको. शब्दाने माणूस कसा वाळीत टाकला जातो, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही.

वही घालायला कुणाला मदत लागली तर रविवारी सकाळी आम्ही इथेच असतो.  

जयभीम. नमो बुद्धाय.